हत्तीपायाची कातडी आणि परिचारिकेचे काम

हत्तीरोगाविषयी आपल्याकडे जे बोलले आणि छापले जाते, त्यातले बहुतेक सारे डास आणि गोळ्या यांच्याभोवती फिरते. ते आवश्यकच आहे. पण पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना माझा संबंध अधिक येतो तो ज्यांचा पाय आधीच सुजून बसला आहे अशा माणसांशी, आणि त्यांच्यापुरते हे दोन्ही विषय मागे पडलेले असतात. पाय यापुढे किती वाढेल, वर्षातून किती वेळा ताप भरून ते अंथरूण धरतील, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, हंगामात मजुरीला जाता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या पायाच्या कातडीवर ठरते. कातडीची रोजची निगा हा परिचारिकेचा प्रांत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आपल्या आरोग्यव्यवस्थेने तो अजून पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही, हेही तितकेच स्पष्ट मत आहे.

रोगाची गाडी कुठून कुठे जाते ते थोडक्यात सांगते. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा जंत क्युलेक्स डासामार्फत शरीरात येतो, लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला जादा द्रव परत वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, घर करतो आणि तिथे काही वर्षे जगतो. त्याची पिल्ले रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्तनमुने रात्री घ्यावे लागतात आणि त्यासाठी हत्तीरोगाची रात्र चिकित्सालये चालवली जातात. आपला राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासूनचा आहे; २००४ पासून सामुदायिक औषधोपचाराला, म्हणजे गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी गोळ्या देण्याच्या मोहिमेला, देशपातळीवर सुरुवात झाली, आणि २०१९ च्या सुरुवातीला आयव्हरमेक्टिन, डीईसी व अल्बेंडाझोल ही जंतांवरची तीन औषधे एकत्र देण्याचा प्रयोग ज्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत झाला, त्यांत नागपूर होते. या गोळ्यांचे काम संसर्गाची साखळी तोडण्याचे आहे. ज्याचा पाय दहा वर्षांपूर्वी सुजला, त्याच्या रक्तात आता पिल्ले सापडतीलच असे नाही. जंत बहुधा मरून गेलेले असतात, आणि मागे राहिलेल्या असतात त्या कायमच्या निकामी झालेल्या वाहिन्या. अशा माणसाने मोहिमेतली गोळी अवश्य घ्यावी, पण तिने पाय उतरेल ही आशा त्याला कोणी लावू नये. हे तोंडावर सांगणे अवघड जाते. तरी ते सांगितल्याशिवाय पुढच्या कामाला सुरुवातच होत नाही, कारण गोळीची वाट पाहणारा माणूस साबणाकडे वळत नाही.

वाहिन्या निकामी झाल्या की प्रथिनयुक्त द्रव पायात साचून राहतो. साचलेल्या द्रवामुळे कातडी हळूहळू जाड, राठ आणि टणक होते, तिच्यावर घड्या पडतात, गाठी उठतात, आणि त्या घड्यांच्या आत ओल टिकते. लसीकावाहिन्या नुसता द्रव वाहत नाहीत, त्या भागाची रोगप्रतिकाराची व्यवस्थाही सांभाळतात. त्यामुळे इतरांच्या पायावर सहज बरी होणारी चीर या पायावर जिवाणूंना आत शिरायला वाट ठरते. स्ट्रेप्टोकोकाय जातीचे जिवाणू आत शिरले की हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल आणि गरम होतो, जांघेत अवधाण येते आणि माणूस चार-आठ दिवस उठत नाही. अशा प्रत्येक झटक्यात उरल्यासुरल्या वाहिन्या आणखी खराब होतात आणि सूज एक पायरी वर चढते. माझ्याकडे येणारे कित्येक रुग्ण हा ताप अमावास्या-पौर्णिमेला येतो असे सांगतात. मी त्यावर वाद घालत नाही. त्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी बोटांच्या बेचक्यांत काय होते, एवढेच विचारते. बहुतेक वेळा तिथे चिखल्या झालेल्या असतात.

भाताच्या पट्ट्यात चिखल्यांचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. जून संपता संपता पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, तयार होतात आणि रोवणीसाठी बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधीच्या पाण्यात उभ्या असतात. निरोगी पायालाही तिथे चिखल्या होतात. सुजलेल्या पायाची बोटे एकमेकांना चिकटलेली असतात, बेचक्यात हवा जात नाही, आणि एकदा बुरशी बसली की पांढरी, भिजलेली, फाटलेली कातडी महिनोन्‌महिने तशीच राहते. म्हणून पाय तपासताना मी आधी सूज बघत नाही. स्टुलावर पाय ठेवून, विजेरी घेऊन, प्रत्येक बेचके दोन बोटांनी उघडून बघते, कारण रोगाचा पुढचा प्रवास तिथून सुरू होतो.

त्यानंतर पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहायची. निरोगी पायावर ती सहज उचलली जाते. लिम्फेडेमात, म्हणजे लसीकावाहिन्या निकामी होऊन आलेल्या सुजेत, ती चिमटीत येत नाही. स्टेमर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही साधी तपासणी आहे, तिला यंत्र लागत नाही, आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे आलेली सूज वेगळी काढायला तिची सुरुवातीला चांगली मदत होते. आपल्याकडे मात्र तिच्या आड एक गोष्ट येते. विवाहित बाईच्या नेमक्या याच बोटात जोडवी असतात. सूज वाढत गेली की जोडवे कातडीत रुतते, त्याच्याखाली मळ आणि ओल साचते, चीर पडते आणि कधी कधी जोडव्याच्या कडेने बारीक जखमेचे वळे तयार झालेले असते. ते काढा, असे नुसते फर्मान सोडून चालत नाही. सासू सोबत असते, नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो, आणि जोडवे कापून काढणे याचा त्या घरात काय अर्थ लावला जाईल हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. अशा वेळी मी सासूलाच जवळ बोलावून ती जखम दाखवते, आणि दुसऱ्या, न सुजलेल्या पायातले जोडवे तसेच राहू द्या, असे सुचवते. पुष्कळदा सासूच पुढाकार घेते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला हे सापडले नाही, पण तपासणीच्या खोलीत असे निर्णय रोज घ्यावे लागतात.

आता पाय धुण्याविषयी, कारण सगळा उपचार शेवटी तिथे येऊन ठेपतो आणि तिथेच सगळ्यांचा गैरसमज असतो. एका मावशींना मी पहिल्यांदा पाय धुण्याविषयी सांगितले, तेव्हा त्या किंचित दुखावल्या. “पाय तं रोजच धुतल्या जाते ना, सिस्टर.” त्यांचे खरेच होते, अंगणात शिरण्याआधी त्या दोन तांबे पाणी पायांवर ओतत होत्या. आपल्याला अपेक्षित असलेले धुणे वेगळे आहे आणि ते हाताने करून दाखवल्याशिवाय कळत नाही. पाणी स्वच्छ आणि साधे हवे, गरम नको. घरात शेक देण्याची सवय असते ती मोडावी लागते. साबण साधा, अंगाचा चालतो. गुडघ्यापासून सुरुवात करून खाली यायचे, घडी असेल तर ती बोटांनी उघडून आत फेस पोचवायचा, ब्रश किंवा घासणीचा दगड वापरायचा नाही, आणि मग पाणी निवळ येईपर्यंत मगाने ओतत राहायचे. यानंतर येतो तो सर्वांत दुर्लक्षित भाग, कोरडे करणे. मऊ सुती कापड, जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा उत्तम, तो टिपल्यासारखा लावायचा, चोळायचा नाही. बेचक्यात जाड टॉवेल जात नाही, म्हणून कापडाची बारीक पट्टी करून ती प्रत्येक दोन बोटांमधून अलगद ओढून घ्यायची. ती ओलसर निघाली तर दुसरी कोरडी पट्टी. एका पायाला नीट केले तर वीस मिनिटे सहज लागतात. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांकडे वीस मिनिटे नसतात. खरे तर माझ्याकडेही नसतात, पण ती काढता येतात, कारण एकदा नीट शिकवलेला माणूस पुढच्या वेळी तापाने फणफणलेला येण्याची शक्यता कमी होते.

मलमांच्या बाबतीत गावातल्या औषधदुकानाशी माझी कायमची कुरबूर आहे. चिखल्यांना व्हिटफिल्डचे जुने, स्वस्त मलम पुरते, किंवा बुरशीवरचे कोणतेही साधे मलम; बेचकी कोरडी करून दोन वेळा पातळ थर लावायचा आणि कातडी बरी दिसू लागल्यावरही काही दिवस चालू ठेवायचा. प्रत्यक्षात लोक येतात ते स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक असे तिन्ही एका नळीत भरलेले मलम घेऊन. पहिल्या दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ते जादूचे वाटते. पुढे कातडी पातळ होते, बुरशी आतल्या आत पसरते आणि तिचे नेहमीचे रूपही बदलून जाते, इतके की नायटा आहे की इसब हे ओळखायला त्वचारोगतज्ज्ञालाही वेळ लागतो. जांघेतल्या गजकर्णावर हेच मलम वर्षानुवर्षे लावणारी माणसे तर प्रत्येक गावात आहेत. जुनाट त्वचारोगांच्या कामात परिचारिकेने सर्वांत आधी काय करावे, असे कोणी विचारले, तर मी म्हणेन की रुग्णाला घरातली सगळी मलमे पिशवीत घालून आणायला सांगावे आणि ती टेबलावर ओतून एकेक बघावी.

विदर्भात हत्तीरोगाच्या शेजारीच कुष्ठरोगाच्या कामाची मोठी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले, पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले, आणि पाय हाताने धुऊन जखमेची निगा राखणे ही सेवा आहे तशीच ती शास्त्रही आहे, ही समज इथे तेव्हापासून रुजली. आजही कुष्ठरोगातून बरे झालेले आणि हत्तीपायाचे असे दोघेही एकाच बाकावर शेजारी बसलेले मला दिसतात. दोघांना द्यायचा सल्ला मात्र जवळजवळ उलटा आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झालेल्या बधिर पायाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगाळते, म्हणून तो पाय वीस-तीस मिनिटे पाण्यात भिजवायचा, घट्ट कातडी हलकेच घासायची आणि ओलसरपणा टिकावा म्हणून वर तेल किंवा व्हॅसलीन लावायचे. हत्तीपाय असा भिजत ठेवायचा नाही. त्याचा शत्रू ओल आहे. पिंढरीवरच्या कोरड्या कातडीला तेल चालते, बेचक्याला नाही. एकाच शिबिरात दोघांना एकत्र बसवून एकच भाषण केले, तर दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले.

नुसत्या साबण-पाण्याने काय होते, अशी शंका डॉक्टर मंडळीही कधी कधी खासगीत व्यक्त करतात. त्यांना मी इथिओपियातल्या एका चाचणीविषयी सांगते, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे पाय सुजण्याचे कारण जंत नाही. ज्वालामुखीपासून बनलेल्या लाल मातीत वर्षानुवर्षे अनवाणी चालल्याने तो रोग होतो, आणि त्याला पोडोकोनिओसिस म्हणतात. सुमारे ७०० रुग्णांच्या त्या चाचणीत ज्यांना पाय धुणे, मलम, पट्टी आणि पादत्राणे ही काळजी दिली, त्यांना वर्षाला माणशी सरासरी १९.४ झटके आले, तर ज्यांना ती अजून मिळाली नव्हती त्यांना २३.९. हा फरक नाट्यमय नाही, हे मला मान्य आहे. पण जिथे जंतच नाही आणि जंताचे कुठलेच औषध नाही, तिथे केवळ कातडीच्या निगेने झटके कमी होतात, ही गोष्ट माझ्या दृष्टीने निर्णायक आहे.

झटका आलेला असताना मात्र नेहमीचे नियम बदलतात. पायाला विश्रांती द्यायची, व्यायाम बंद, पट्टी बंद, गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल द्यायचे, आणि प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्याने लगेच सुरू करायचे. तेल लावून चोळणे, शेक, लेप हे सारे या काळात घातक असते. हळदीचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा लेप फाटलेल्या कातडीवर थापून आणलेले पाय मी पुष्कळ धुतले आहेत. रुग्ण बरळू लागला, लघवी कमी झाली किंवा रक्तदाब उतरला, तर गावात वाट पाहत बसू नये.

दाबपट्टीविषयी माझी भूमिका सावध आहे. आपल्याकडे सुजलेला पाय दिसला की क्रेप बँडेज गुंडाळले जाते. ते फार ताणले जाते, विश्रांतीत आवळते आणि चालताना पुरेसा विरोध करत नाही. लिम्फेडेमाला कमी ताणली जाणारी पट्टी लागते, आणि ती खालून वर, दाब कमी कमी करत, कशी बांधायची हे शिकावे लागते. बांधण्याआधी पायाच्या नाड्या हाताला लागतात का, मधुमेह किंवा तंबाखूमुळे रक्तपुरवठा कमी झालेला नाही ना, हृदय अशक्त नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे, कारण रक्त कमी पोचणाऱ्या पायावर आवळलेली पट्टी बोटे घालवू शकते. कातडी बरी होण्याआधी पट्टी बांधण्यालाही माझा विरोध आहे. मोठ्या शहरांत स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा हात सुजतो, त्यांच्यासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि मापाच्या दाबबाह्या उपलब्ध होतात. गावातल्या पायाच्या वाट्याला ते अजून क्वचितच येते.

सुजलेल्या पायाच्या ७ पायऱ्या ब्राझीलमधील रेसिफेच्या डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी सांगितल्या, आणि त्या आपल्या प्रशिक्षणातही शिकवल्या जातात. रात्रीत उतरणारी सूज ही पहिली, न उतरणारी दुसरी, पुढे उथळ घड्या, गाठी, खोल घड्या, शेवाळासारखे फोड, आणि सातवी म्हणजे ज्याला स्वतःचे कामही स्वतः करता येत नाही असा माणूस. परिचारिकेला सर्वाधिक वाव पहिल्या दोन पायऱ्यांत असतो. खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवून झोपणे, बसताना पाय पाटावर घेणे, उभ्याने टाचा उचलणे, घोटा फिरवणे, एवढ्यानेही तिथे सूज आटोक्यात राहू शकते. पण नेमके या पायरीवरचे लोक रुग्णालयात येत नाहीत. ते लुगड्याखाली आणि पायजम्याखाली पाय झाकून असतात, विशेषतः लग्नाच्या वयातल्या मुली. त्यांच्यापर्यंत पोचते ती गावातली आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्राची आरोग्यसेविका, आणि तीही बहुधा दुसऱ्याच कामासाठी त्या घरी गेलेली असते.

बाधितांना सरकारी योजनेतून टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच मिळतो. संच चांगला आहे. एका कार्यक्रमात मात्र मी असे पाहिले की मंडपात नावे पुकारून संच वाटले गेले, छायाचित्रे काढली गेली आणि एकाही माणसाचा पाय त्या दिवशी प्रत्यक्ष धुतला गेला नाही. पुढे गृहभेटीत तोच टब धान्य भिजवायला वापरात असलेला दिसला, तेव्हा मला त्या घरातल्या माणसांचा राग आला नाही. ज्या वस्तूचा उपयोग करून दाखवला नाही, तिचा उपयोग घर आपापल्या गरजेने ठरवणारच. शिवाय वाकता न येणाऱ्या आजोबांच्या बोटांच्या बेचक्या कोण पुसणार, याचे उत्तर टबात नसते. ते सुनेशी, नातवाशी, कधी शेजारणीशी बसून ठरवावे लागते, आणि तिने पहिल्यांदा तो पाय हातात घ्यावा यासाठी आधी आपण तो तिच्या समोर हातात घ्यावा लागतो.

आपल्या अहवालांत किती घरे पाहिली, किती गोळ्या दिल्या, किती संच वाटले, याचे रकाने असतात. किती झटके टळले याचा रकाना मला अजून कुठल्या नोंदवहीत दिसलेला नाही, आणि जे मोजले जात नाही त्याला वेळही दिला जात नाही. म्हणून मी रुग्णालाच एक साधी वही करायला सांगते. ताप आला ती तारीख, किती दिवस मजुरी बुडाली, बेचकी कशी होती, एवढेच त्यात लिहायचे. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराने. घोट्याचा आणि पिंढरीचा घेर मी मोजपट्टीने, शक्यतो सकाळच्या वेळी, ठरलेल्या खुणेवर घेते आणि त्याच वहीत टाकते. पावसाळा आला की त्या वहीत नोंदी दाटतात. ज्या घरात बांधीवरून परतल्यावर धुणे आणि पट्टीने कोरडे करणे सुटले नाही, त्या घराच्या वहीत जुलै-ऑगस्टची पाने त्यामानाने मोकळी असतात, आणि पुढच्या वर्षी रोवणीच्या आधी मलम मागायला ते आपणहून येतात.